ईपी हेच मुख्य काम : नव्वदच्या दशकातल्या दुर्लक्षित ब्रिटिश बँडच्या संग्रहाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५ : याद्या

संगणकावर उतरवून जपायच्या या पेट्यांमध्ये बारा इंची तबकड्या, सीडी, काही कॅसेट आणि डॅट (डिजिटल आवाजाच्या) फिती आहेत. बहुतेक सगळं १९९२ ते १९९९ मधलं. डिस्को इन्फर्नो एसेक्सचे, सीफील आणि बार्क सायकोसिस लंडनचे, इनसाइड्स ब्रायटनचे, फ्लाइंग सॉसर अटॅक ब्रिस्टलचे. यांतल्या बहुतेकांनी गिटार सोडली नाही, पण ती सॅम्पलरच्या (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राच्या), लूपच्या (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याच्या) किंवा घरगुती चार ट्रॅकच्या यंत्राच्या हवाली केली. संगीत समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी मार्च १९९४ च्या ‘मोजो’ मासिकात बार्क सायकोसिसच्या पहिल्या अल्बमचं परीक्षण करताना ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द वापरला आणि मे महिन्यात ‘द वायर’ मासिकात त्यावर सविस्तर लेख लिहिला. नाव मिळालं, श्रोते फारसे मिळाले नाहीत. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ब्रिटपॉपचा गाजावाजा सुरू झाला होता.

यादीचा पहिला नियम आजच ठरवला : नोंदीचं एकक अल्बम नसून ईपी, म्हणजे अल्बमहून छोटी, मोजक्या गाण्यांची तबकडी. डिस्को इन्फर्नोने १९९२ ते १९९४ मध्ये पाच ईपी काढले, त्यांत मिळून १५ गाणी. त्यांची खरी झेप या पाच तबकड्यांवर दिसते. अधिकृत संकलन मात्र २०११ मध्ये आलं. सीफीलचे सुरुवातीचे दोन ईपी १९९४ मध्ये अमेरिकेत एका सीडीवर एकत्र निघाले, बार्क सायकोसिसच्या एकेरी तबकड्यांचं संकलनही १९९४ चं. संकलन हाताशी असलं की मूळ ईपी कशाला उतरवायचा, असं वाटू शकतं. पण संकलनात मास्टरिंग (आवाजाची शेवटची जुळणी) बदलतं, दोन गाण्यांमधली शांतता बदलते, पहिली बाजू संपून दुसरी सुरू होण्याची जागा नाहीशी होते. त्यामुळे दोन्ही उतरवायचे आणि दोन्हींची नोंद वेगळी.

यादी करताना एक ठरलेला घोळ होतो. ‘डी. आय. गो पॉप’ हे डिस्को इन्फर्नोच्या १९९४ च्या अल्बमचं नाव आहे आणि एका गाण्याचंही. ते गाणं त्या अल्बमवर नाहीच, ते १९९३ च्या ‘द लास्ट डान्स’ या ईपीवर आहे. माहिती आपोआप भरणारी सॉफ्टवेअर इथे हमखास चुकतात. नावं हातानेच, लेबल बघून लिहायची.

११ जानेवारी : सीडी आधी, आणि का

तबकडी नीट ठेवली तर थांबून राहते, खराब होणारी सीडी थांबत नाही. म्हणून सीडीपासून सुरुवात.

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान तयार झालेल्या बऱ्याच सीडी तांबूस पडतात. त्यांच्यावरचं लॅकर (संरक्षक रोगण) पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकत नाही आणि आतला धातूचा थर गंजत जातो. आपल्या संग्रहातल्या १९९२-९३ च्या सीडी याच काळातल्या असल्याने त्यांना हा धोका जास्त आहे.

तपासण्याची पद्धत : चकचकीत बाजूच्या आतल्या, मध्यभोकाजवळच्या कड्यावरची अक्षरं भिंगाने वाचा. ‘मेड इन यू.के. बाय पीडीओ’ असं असेल तर ती सीडी वेगळ्या ढिगात. मग पांढऱ्या कागदावर धरून लेबलची बाजू आणि कडा बघा. तांबूसपणा कडेकडून आत सरकतो.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. आवाजाचा भाग मध्यापासून २५ मिमी अंतरावर सुरू होतो आणि ७४ मिनिटांची पूर्ण भरलेली सीडी ५८ मिमीपर्यंत जाते. क्षेत्रफळाच्या हिशोबाने २० मिनिटांचा ईपी साधारण ३७ मिमीवर संपतो, ४५ मिनिटांचा अल्बम ४८ मिमीवर. म्हणजे ईपीच्या बाहेर जवळपास २१ मिमीची रिकामी पट्टी उरते आणि कडेकडून येणारा गंज तिथे पोचायला वेळ लागतो. अल्बमची मात्र शेवटची दोन-तीन गाणी आधी जातात. म्हणून क्रम असा : पीडीओचे लांब अल्बम, मग पीडीओचे ईपी, मग बाकीचे.

तांबूस सीडी कधीही पॉलिश करू नये. बिघाड खालच्या प्लास्टिकमध्ये नसतो, धातूच्या थरात असतो. घासल्याने फक्त नवे ओरखडे पडतात. जुनी पुस्तिका आणि कागदी पाकीट सीडीपासून वेगळं ठेवा, सीडी पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात.

१८ जानेवारी : सीडी उतरवणं

एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर, ‘सिक्युअर’ पद्धत, ड्राइव्हचा ऑफसेट (वाचन किंचित पुढे-मागे सरकण्याचा फरक) भरलेला, निकालाची ताडणी इतरांनी उतरवलेल्या सीडींचे निकाल साठवणाऱ्या अ‍ॅक्युरेटरिपशी. प्रत्येक सीडीचा लॉग फाइलशेजारी जपायचा. निकाल जुळला नाही तर वेग कमी करून पुन्हा, मग वेगळ्या ड्राइव्हवर. खराब सीडी एका ड्राइव्हवर अडते आणि दुसऱ्यावर सुरळीत चालते, कारण चुका दुरुस्त करण्याची आणि लेसर सावरण्याची क्षमता प्रत्येक ड्राइव्हची वेगळी असते. दोन ड्राइव्हचे निकाल एकमेकांशी जुळले तर ते ग्राह्य.

तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिल्या गाण्याच्या आधीच्या रिकाम्या भागात काही दडलं आहे का ते बघणं. प्री-एम्फसिसची (मुद्रणात वरचे स्वर मुद्दाम वाढवल्याची) खूण आहे का ते तपासणं : असेल आणि उलट गाळणी लावली नाही तर वरचे स्वर अवास्तव तीक्ष्ण ऐकू येतात. ही खूण कधी सूचीत असते, कधी फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबत लिहिलेल्या लपलेल्या माहितीत), म्हणून दोन्हीकडे पाहायचं. आणि गाण्यांमधली शांतता गाण्याच्या शेवटाला जोडून ठेवणं.

बार्क सायकोसिसची १९९२ ची ‘स्कम’ ही २१ मिनिटांची एकच रचना पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या सेंट जॉन चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातले हळू भाग इतके हळू आहेत की शांतता शोधून तुकडे पाडणारी सॉफ्टवेअर ती मध्येच कापतात. या बँडसाठी आपोआप तुकडे पाडणं बंद. चर्चच्या खोलीचा आवाज हा रचनेचाच भाग आहे. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे निदान तीन सेकंद जास्तीचे ठेवायचे.

२ फेब्रुवारी : तबकड्या धुणं

एक लिटर डिस्टिल्ड पाणी, त्यात ५ मिली फोटो-फ्लो (फोटो धुताना वापरतात तो साबणासारखा द्रव). मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, मग व्हॅक्यूमने ओढून काढणं. दुसरं धुणं टाळलं तर साबणाचा थर खाचेत सुकतो आणि सुईवर पांढरी पूड जमते. नळाचं पाणी अजिबात नको, क्षार राहतात. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून रबरी चकती.

९ फेब्रुवारी : वेग, या संग्रहातला सगळ्यात मोठा धोका

बारा इंची ईपी ३३⅓ वर आहे की ४५ वर, हे लेबलवर छापलेलं असेलच असं नाही. गायकाचा आवाज असला तर चूक लगेच कळते. सीफीलसारख्या बँडमध्ये आवाज म्हणजे गायिका सेरा पीकॉकच्या स्वरांचे लूप, गिटार म्हणजे लांबलचक तरंग. चुकीच्या वेगावरही ते सुंदर वाटतं आणि म्हणूनच चूक वर्षानुवर्षं टिकते.

फरक १.३५ पटीचा आहे, म्हणजे पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त. काळी एकमधली रचना काळी तीनच्याही किंचित वर जाऊन बसते. ओळखायचे उपाय, याच क्रमाने : एक, त्याच रचनेची सीडी असेल तर लांबी ताडा. दोन, कोरलेल्या शेवटच्या कड्यातल्या खुणा वाचा. तीन, खाचांची रुंदी बघा : एका बाजूला दहा मिनिटांचं एकच गाणं रुंद खाचांत पसरलं असेल तर ४५ ची शक्यता जास्त. चार, ढोलाचा ठोका ऐका : ड्रम मशीनच्या किकची शेपूट अस्वाभाविक लांब आणि चिखलासारखी वाटली तर वेग कमी पडतोय. नुसत्या कानावर निर्णय सोडायचा नाही. निदान एक लेखी पुरावा हवा आणि तो नोंदीत लिहायचा.

यंत्राचा वेगही तपासायला हवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३३⅓ साठी १८० रेघांची स्ट्रोब तबकडी. ४५ साठी हिशोबाने १३३.३३ रेघा येतात, छापतात १३३. म्हणजे रेघा स्थिर दिसतात तेव्हा यंत्र खरं तर ४५.११ वर चाललेलं असतं, पाव टक्का जलद. त्यामुळे ४५ साठी रेघांवर विसंबू नका, ३१५० हर्ट्झची चाचणी-तबकडी वाजवून मोजा. ३१४० ते ३१६० च्या आत असेल तर चूक सुमारे ०.३ टक्के, म्हणजे पाच सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). आमची मर्यादा याच्या निम्मी. स्ट्रोबसाठी निऑन किंवा फिलामेंटचा दिवा लागतो. चांगल्या प्रतीच्या एलईडी दिव्याचा प्रकाश लुकलुकत नाही, त्यात रेघा दिसतच नाहीत आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो.

१६ फेब्रुवारी : सुई, भार, पातळी

मायक्रोलाइन सुईची ऑडिओ-टेक्निका व्हीएम५४०एमएल कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग), भार २.० ग्रॅम, फोनो प्रवेश ४७ किलोओहम. केबल आणि प्रीअ‍ॅम्प मिळून कपॅसिटन्स २०० पिकोफॅरडच्या आत, नाहीतर वरच्या स्वरांत उंचवटा येतो. ध्वनिमुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या खाली. एका तासाला साधारण २ जीबी लागतात, फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता आकसवणाऱ्या फाइलमध्ये) बरंच कमी.

२३ फेब्रुवारी : डिस्को इन्फर्नो. टकटक काढू नका

इयन क्रॉज, पॉल विलमॉट आणि रॉब व्हॉटली. या तिघांनी गिटार आणि ड्रम मिडीने (वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या संकेतपद्धतीने) सॅम्पलरला जोडले. तार छेडली की सूर न येता पाण्याचा, पक्ष्यांचा, पावलांचा आवाज यायचा. हे मागे लावलेले परिणाम नाहीत, वाद्यच आवाजांचं आहे. हे लक्षात न ठेवता या तबकड्या ‘स्वच्छ’ करणं म्हणजे त्यांचं वाद्य काढून टाकणं.

आपोआप टकटक काढणारं सॉफ्टवेअर एक-दोन मिलिसेकंदांचे तीव्र टोकदार आवाज शोधतं. पाण्याचा शिंतोडा, बर्फात पडणारं पाऊल आणि तबकडीवरचा धुळीचा कण यांचं आलेखातलं रूप जवळपास सारखंच असतं. या गाण्यांवर ते साधन मध्यम ताकदीवर चालवलं तरी पावलांच्या कडा बोथट होतात. काय काढलं जातंय ते ऐकायचा सोपा मार्ग : मूळ आणि दुरुस्त फाइल एकमेकींतून वजा करून फक्त फरक ऐका. फरकात खरखर सोडून दुसरं काहीही ऐकू आलं तर ती दुरुस्ती फेकून द्या.

कार्यपद्धत : तबकडी दोनदा वाजवायची. धुळीचा कण दुसऱ्या वेळी हललेला असतो, सॅम्पल त्याच जागी असतं. ओरखडा मात्र दोन्ही वेळा येतो, तो एका फेऱ्याच्या अंतराने पुन्हा येतो यावरून ओळखायचा : ३३⅓ वर दर १.८ सेकंदांनी, ४५ वर दर १.३३ सेकंदांनी. असे ओरखडे हाताने, एकेक करून, तेही फक्त ऐकण्याच्या प्रतीत. मूळ प्रत कोरीच राहते.

आणखी एक गैरसमज स्पेक्ट्रम बघताना होतो. काही आवाज ११ किलोहर्ट्झच्या वर एकदम कापलेले दिसतात आणि सुई झिजली की काय अशी शंका येते. त्या काळी स्टुडिओंत सर्रास असणारा अकाई एस१००० हा सॅम्पलर मुळात २ एमबी स्मृतीसह यायचा. ४४.१ किलोहर्ट्झवर त्यात एकमार्गी आवाजाचे जेमतेम २४ सेकंद बसायचे. जागा वाचवायला सॅम्पल निम्म्या वेगाने घेतलं की वेळ दुप्पट व्हायचा आणि वरचे स्वर ११ च्या आसपास संपायचे. बाकीची झांज १६ किलोहर्ट्झपर्यंत जात असेल आणि एकच आवाज ११ ला थांबत असेल, तर सुई ठीक आहे. तो सॅम्पलरचा ठसा आहे.

‘इट्स अ किड्स वर्ल्ड’मधला ढोलांचा ताल इगी पॉपच्या ‘लस्ट फॉर लाइफ’मधून उचललेला आहे. संदर्भाच्या रकान्यात हे लिहायचं. सॅम्पलचा स्रोत माहीत असेल तिथे रकाना भरायचा, अंदाज लिहायचा नाही.

२ मार्च : सीफील

१९९३ चे दोन ईपी आणि पहिला अल्बम टू प्युअरवर, १९९४ पासून वॉर्पवर, १९९६ चं काम रेफ्लेक्सवर. तीन लेबलं, तीन वेगळी ध्वनिवळणं. पहिल्या ईपीवर ‘क्लायमॅक्टिक फेज’चा क्रमांक एक आहे, अल्बमवर क्रमांक तीन. ही एकाच गाण्याची दोन नावं नाहीत, नोंद एकत्र करू नये. ‘टाइम टू फाइंड मी’ची एफेक्स ट्विनने केलेली जलद आणि संथ अशी दोन रूपं आहेत. त्यांवर वेगाचा नियम दुप्पट काटेकोरपणे लावायचा, कारण ‘संथ’ हा शब्द वाचून माणूस बटण चुकीच्या बाजूला दाबू शकतो.

खालचे स्वर खूप खोल आहेत. वाकड्या तबकडीचा ५-१० हर्ट्झचा हेलकावा त्यात मिसळतो आणि प्रीअ‍ॅम्पची जागा खातो. २० हर्ट्झखालची गाळणी ऐकण्याच्या प्रतीत चालेल, मूळ प्रतीत नको. स्टिरिओ फार रुंद आहे. सुई बाजूला कलली असेल तर दोन्ही बाजू एकमेकींत झिरपतात आणि हे संगीत एकदम सपाट होतं. कलणं तपासायला फक्त एका बाजूला सूर असलेली चाचणी-पट्टी वाजवून दुसऱ्या बाजूची गळती मोजायची, मग बाजू बदलून पुन्हा. दोन्ही गळत्या सारख्या येईपर्यंत हेडशेल फिरवायचा.

८ मार्च

इनसाइड्सचा ‘युफोरिया’, १९९३, ४एडीच्या ग्वेर्निका या उपलेबलवर. कर्स्टी येट्सचा कानाजवळचा आवाज, ज्युलियन टार्डोची स्वच्छ गिटार. सीडी निर्दोष, अ‍ॅक्युरेटरिप जुळलं. याहून जास्त श्रोते या अल्बमला मिळायला हवे होते, इतकं इथे लिहून ठेवतो.

२३ मार्च : फ्लाइंग सॉसर अटॅक आणि चार ट्रॅकच्या कॅसेट

डेव्हिड पिअर्स आणि रेचल ब्रुक यांनी १९९३ चा पहिला अल्बम घरीच मुद्रित केला. फितीची सळसळ गिटारच्या गुंजनात विरघळलेली आहे. सळसळ काढणाऱ्या साधनाला गिटारचं गुंजन आणि सळसळ वेगळी करता येत नाही. काढायला गेलं की पाण्याखालून आल्यासारखा घुमणारा आवाज शिल्लक राहतो. या बँडच्या कुठल्याही प्रतीवर, ऐकण्याच्या प्रतीवरसुद्धा, सळसळ काढायची नाही.

पेटीत याच काळातल्या काही बिननावाच्या चार ट्रॅकच्या कॅसेट आहेत. साध्या डेकवर त्या लावल्या तर दोन ट्रॅक संथ ऐकू येतात, आणि कॅसेट उलटवली की उरलेले दोन उलटे. कारण चार ट्रॅकचं यंत्र फितीची पूर्ण रुंदी एकाच दिशेने वापरतं आणि अनेक यंत्रं ४.७६ ऐवजी ९.५ सेंमी प्रति सेकंद वेगाने चालतात.

पायऱ्या :

आधी हेड, कॅपस्टन (फीत ओढणारी दांडी) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाकाला अल्कोहोल कमीत कमी, ते कडक होतं. हेडचं चुंबकत्व काढा.

कॅसेटच्या आतली स्पंजची गादी निखळलेली असेल तर वरचे स्वर येत-जात राहतात. पाच स्क्रूच्या नव्या कवचात फीत हलवा. कवच चिकटवलेलं असेल तर पात्याने शिवणीवर, फितीपासून दूर.

चारही ट्रॅक एकाच वेळी, वेगवेगळ्या वाहिन्यांवर उतरवा. दोन-दोन करून उतरवले तर दोन फेऱ्यांमध्ये फितीचा वेग किंचित बदलतो आणि ट्रॅक एकमेकांपासून सरकतात.

हेडचा कोन फितीगणिक जुळवा : दोन ट्रॅक मोनोत मिसळून वरचे स्वर सर्वांत स्पष्ट होतील तिथे स्क्रू थांबवा. मूळ यंत्राचा कोन चुकीचा असला तरी आपण त्या चुकीशीच जुळवायचं असतं.

डीबीएक्स (सळसळ कमी करणारी यंत्रणा) चालू होतं की नाही हे ठरवा. डीबीएक्सने मुद्रित फीत त्याशिवाय वाजवली तर सगळं एकाच पातळीवर दाबलेलं, तीक्ष्ण आणि सळसळतं लागतं. डीबीएक्स नसलेली फीत त्यातून वाजवली तर आवाज धाप लागल्यासारखा वरखाली होतो. शंका असेल तर न उलगडलेली प्रत जपा. उलगडणं नंतरही करता येतं.

६ एप्रिल : डॅट

डॅटमधून आवाज एसपीडिफने (डिजिटल जोडणीने), आकडे जसेच्या तसे. फीत ४८, ४४.१ की ३२ किलोहर्ट्झची आहे ते डेकवर वाचा आणि त्याच दराने उतरवा, रूपांतर नको. इंटरफेसचं घड्याळ बाहेरच्या स्रोतावर ठेवा. आतल्या घड्याळावर राहिलं तर दर काही सेकंदांनी टिक् असा आवाज येतो आणि फीत खराब असल्याचा समज होतो. ३२ किलोहर्ट्झच्या लाँग-प्ले फिती सगळ्या डेकवर वाजत नाहीत. फीत वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळा, थर एकमेकांना चिकटलेले असतात. आवाज एकदम बंद पडला तर थांबा, हेड पुसा, मगच पुढे. जबरदस्तीने चालवत राहिलं तर फीत ड्रमभोवती गुंडाळली जाते.

२० एप्रिल : नेशन, आउटकास्ट आणि तबल्याची चाचणी

शेवटच्या पेटीत नेशन, आउटकास्ट अशा लेबलांच्या, लंडनच्या दक्षिण आशियाई इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तबकड्या. तल्विन सिंगला ब्रिटनमधलं १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं म्हणून नाव माहीत आहे, पण त्याच वर्षीच्या यादीत लीड्सचा ब्लॅक स्टार लायनरही होता, हे फार थोड्यांना आठवतं. बॅडमार्श अँड श्री यांचा पहिला अल्बम आउटकास्टवर १९९८ मध्ये आला. त्यातला श्री हा मुंबईचा, बास वाजवणारा आणि तबला जाणणारा. जॉय हा बँड म्हणजे फारूक आणि हारून शमशेर हे भाऊ. हारून १९९९ मध्ये गेला. त्याने बांगलादेशात मुद्रित करून आणलेल्या आवाजांवर फारूकने पुढचा अल्बम उभा केला, तो २००० मध्ये आला. तेव्हा ‘१९९९ पर्यंत’ या आपल्या मर्यादेतून हा एक अल्बम मुद्दाम सुटा ठेवला आहे.

या तबकड्या सुईची परीक्षा घेतात. तबल्याचा ‘ना’ हा फार तीव्र, वरच्या स्वरांनी भरलेला ठोका. तबकडीच्या आतल्या खाचांत तो आधी फुटतो. तो ऐकायला आपले कान तयार आहेत, याचा फायदा घ्या : बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘ना’ कडक आणि स्वच्छ हवा, कागद फाटल्यासारखा नको. फाटला तर आधी सुई धुवा, मग भार ०.१ ग्रॅमने वाढवा (२.२ च्या वर नाही), मग अँटी-स्केटिंग (सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणून लावलेला ताण) बघा. तिन्हींनी भागलं नाही तर खाचच आधीच्या बोथट सुईने कुरतडली आहे. तशी नोंद करा आणि दुसरी प्रत शोधा.

४ मे : नोंदीचा साचा, हक्क

प्रत्येक ईपीसाठी रकाने : बँड, ईपी, लेबल, साल, आकार, वेग आणि वेगाचा पुरावा, कड्यातल्या खुणा, सुई व भार, प्रीअ‍ॅम्प, दर, दोष, दुरुस्त केलं तर काय, सॅम्पलचा स्रोत. गाण्यागणिक आवाज समान करायचा नाही. करायचाच तर पूर्ण ईपीला एकच वाढ, म्हणजे हळू गाणं हळूच राहील.

ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात ६० वर्षं, ब्रिटनमध्ये ७०. फाइल जाळ्यावर टाकायच्या नाहीत. विकत मिळणाऱ्या अधिकृत पुनर्प्रकाशनांची नोंद प्रत्येक पानावर ठळक द्यायची.

१ जून : पावसाच्या आधी

हवाबंद डबे, आत आर्द्रतामापक, मर्यादा ४० ते ४५ टक्के. सिलिका जेल केशरीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. डबे भिंतीला टेकवायचे नाहीत. बुरशीचे पांढरे ठिपके दिसलेली कॅसेट वाजवायची नाही, कारण बीजाणू हेडवरून पुढच्या प्रत्येक फितीवर जातात. ती वेगळ्या डब्यात, कोरड्या हवेत, मग मऊ ब्रशने, तोंडावर मास्क लावून.

फ्लॅकमध्ये एमडी५ खूण (आवाज बदलला का ते ओळखायचा आकडा) आतच असते, तिची पडताळणी दर सहा महिन्यांनी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठ्यावर, एक दुसऱ्या गावी.

शिल्लक : डिस्को इन्फर्नोच्या ‘सेकंड लँग्वेज’ ईपीची दुसऱ्या बाजूला ओरखडा नसलेली प्रत, चार ट्रॅकच्या तीन कॅसेटचा डीबीएक्सचा निर्णय, आणि पीडीओच्या ढिगातल्या ज्या अल्बमांची शेवटची गाणी दोन्ही ड्राइव्हवर जुळली नाहीत त्यांच्या दुसऱ्या प्रती.